कूलिडोर

कूलिडोर म्हणजे बर्फ आणि खाद्यपेये गार ठेवण्यासाठी बनवलेल्या मोठ्या, उष्णतारोधक पेटीत योग्य ते बदल करून घरच्या घरी तयार केलेले सिगार साठवणीचे साधन होय. सिगार टिकवण्यासाठी परंपरेने ह्युमिडोर नावाची लाकडी पेटी वापरली जाते. कूलिडोर हा तिचा स्वस्त, मोठ्या क्षमतेचा आणि दिसायला अगदीच साधा असा पर्याय आहे. भारतात कूलर म्हटले की वाळ्याच्या ताट्यांचा, पाण्याने हवा थंड करणारा कूलर डोळ्यांसमोर येतो. येथे मात्र सहलीला नेतात ती किंवा मासळीबाजारात बर्फात मासे ठेवण्यासाठी वापरतात ती झाकणाची आइसबॉक्स अभिप्रेत आहे.

नाव

'कूलर' आणि 'ह्युमिडोर' या दोन इंग्रजी शब्दांच्या जोडणीतून हे नाव बनले. नावावरून ही पेटी सिगार थंड ठेवते असा समज होतो, पण तो चुकीचा आहे. पेटीत शीतकरणाची कोणतीही यंत्रणा नसते आणि तिच्यात बर्फही ठेवला जात नाही. तिचे काम आतील आर्द्रता स्थिर राखणे आणि बाहेरच्या तापमानातील चढउतार आत हळूहळू पोहोचू देणे एवढेच असते. मराठीतील 'चिरूट' हा शब्द तमिळमधील 'सुरुट्टु' (गुंडाळलेली वस्तू) या शब्दाशी संबंधित आहे. इंग्रजीतील 'शरूट'चेही मूळ तेच.

पार्श्वभूमी

सिगार पूर्णपणे तंबाखूच्या पानांची बनलेली असते. आतील भरणाची पाने, त्यांना धरून ठेवणारे बांधणीचे पान आणि सर्वांत बाहेरचे पातळ आवरणपान असे तिचे तीन भाग असतात. कोरडी झाली की आवरणपान ठिसूळ होऊन तडकते आणि सुगंधी तेले उडून जातात. फार ओली झाली तर ती फुगते, नीट पेटत नाही आणि तिच्यावर बुरशी धरते. त्यामुळे साधारण ६५ ते ७२ टक्के सापेक्ष आर्द्रता आणि १६ ते २१ अंश सेल्सिअस तापमान ही साठवणीची रूढ मर्यादा मानली जाते. ७० टक्के आणि ७० अंश फॅरनहाइट हा जुना अमेरिकी ठोकताळा आजही ऐकू येतो. अलीकडचे अनेक संग्राहक मात्र ६५ टक्क्यांच्या आसपास राहणे पसंत करतात.

गार पेट्यांचा इतिहास वेगळा आहे. सहलीसाठी नेण्याजोग्या बर्फपेटीच्या एकस्वासाठी अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील रिचर्ड लॅरॅमी यांनी १९५१ मध्ये अर्ज केला आणि १९५३ मध्ये ते मंजूर झाले. पुढे कोलमन, इग्लू यांसारख्या कंपन्यांनी या पेट्या घरोघरी पोहोचवल्या. आधी धातूच्या असलेल्या या पेट्यांची जागा नंतर प्लॅस्टिकच्या दुहेरी भिंतींच्या पेट्यांनी घेतली. या भिंतींमध्ये पॉलियुरेथेन फोम भरलेला असतो.

या दोन गोष्टी एकत्र आल्या त्या सिगारच्या संग्रहाचे वेड वाढल्यावर. १९९२ मध्ये 'सिगार अफिशिओनाडो' हे नियतकालिक सुरू झाले आणि त्या दशकात अमेरिकेत सिगारची मोठी लाट आली. ह्युमिडोर ही त्या काळी प्रतिष्ठेची वस्तू बनली. विनोदी नट मिल्टन बर्ल यांनी १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना भेट दिलेला ह्युमिडोर १९९६ च्या लिलावात ५,७४,५०० डॉलरना विकला गेला आणि तो घेणारे मार्विन शँकेन हे याच नियतकालिकाचे प्रकाशक होते. दुसऱ्या टोकाला, खोक्यांनी सिगार घेऊन वर्षानुवर्षे मुरवत ठेवणाऱ्या सामान्य हौशी संग्राहकाला शे-दोनशे सिगार मावतील असा लाकडी ह्युमिडोर परवडत नव्हता. शिवाय स्वस्त लाकडी पेट्यांची झाकणे अनेकदा घट्ट बसत नसत. गॅरेजमध्ये पडून असलेली जुनी बर्फपेटी हा यावरचा सोपा तोडगा ठरला.

आर्द्रतेचे गणित

कूलिडोर का चालतो हे समजण्यासाठी एक छोटा हिशेब उपयोगी आहे. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७.३ ग्रॅम बाष्प मावते. म्हणजे १०० लिटरच्या पेटीत ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला अवघे १.१ ग्रॅम बाष्प असते. याउलट प्रत्येकी १० ते १५ ग्रॅम वजनाच्या शंभर सिगारांचे वजन सव्वा किलोच्या घरात जाते आणि त्यात १२ ते १४ टक्के पाणी धरले तरी ते दीडशे ग्रॅमच्या आसपास भरते. थोडक्यात, पेटीतील पाण्याचा खरा साठा हवेत नसून तंबाखूत आणि लाकडात असतो.

यावरून दोन गोष्टी निघतात. झाकण उघडले की आर्द्रतामापकाचा आकडा खाली घसरतो, त्याने नवखा संग्राहक घाबरतो. वास्तविक तेव्हा फार तर एक ग्रॅम बाष्प जाते आणि थोड्या वेळात ते भरून निघते. दुसरी गोष्ट उलट आहे. पेटीत गच्च सिगार असतील तर चुकीची आर्द्रता दुरुस्त व्हायला दिवस नव्हे, आठवडे लागतात. आकडा योग्य दिसू लागला म्हणजे सिगारच्या गाभ्यापर्यंत ओलावा पोहोचला असे होत नाही. म्हणूनच अर्धी रिकामी पेटी भरलेल्या पेटीपेक्षा अधिक चंचल असते.

प्लॅस्टिकच्या भिंतीतून बाष्प जवळजवळ आरपार जात नाही. लाकडी ह्युमिडोर मात्र सांध्यांतून आणि झाकणाच्या फटीतून सतत थोडे बाष्प गमावतो. या एका बाबतीत स्वस्त पेटी महागड्या पेटीला सहज मागे टाकते.

पेटीची निवड आणि तयारी

या कामासाठी साधारण ४५ लिटरपासून १४० लिटरपर्यंतच्या पेट्या वापरल्या जातात. सर्वांत मोठ्या पेटीत पंचवीस सिगारांचे वीसेक खोके सहज बसतात. चाकांची पेटी हलवायला सोयीची असली तरी चाकांच्या खाचांमुळे आतला तळ सपाट राहत नाही आणि खोके रचताना जागा वाया जाते.

वास ही या कामातली सर्वांत मोठी अडचण आहे. तंबाखू आजूबाजूचा गंध झटकन शोषून घेते, त्यामुळे मासे किंवा मांस ठेवलेली जुनी पेटी शक्यतो टाळावी असे सांगितले जाते. नवीन पेटीलाही प्लॅस्टिकचा उग्र दर्प असतो. सौम्य साबणाने धुणे, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसणे, झाकण उघडे ठेवून काही दिवस उन्हात वाळवणे आणि मग वर्तमानपत्राचे चुरगळलेले कागद भरून पेटी बंद ठेवणे हा नेहमीचा क्रम आहे. सुगंधी फवारे आणि तीव्र जंतुनाशके वापरली जात नाहीत, कारण एका दर्पाच्या जागी दुसरा येतो. बंद पेटी दोन दिवसांनी उघडल्यावर नाकाला काहीच जाणवले नाही, तरच ती तयार झाली असे समजतात.

त्यानंतर हवाबंदपणा तपासतात. अंधाऱ्या खोलीत पेटटी विजेरी आत ठेवून झाकण लावले आणि कडेने उजेड दिसला, तर तेथे फट आहे. झाकणात कागदाची पट्टी अडकवून ओढून पाहण्याची पद्धतही आहे. पट्टी अलगद सुटली तर त्या जागी रबराची किंवा फोमची चिकटपट्टी लावतात. वितळलेल्या बर्फाचे पाणी काढण्यासाठी तळाजवळ जे छिद्र असते, त्याचे बूच घट्ट बसवावे लागते. काही जण ते सिलिकॉनने कायमचे बुजवतात. सिलिकॉन वापरल्यास त्याचा आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत सिगार आत ठेवता येत नाहीत.

लाकडाचे अस्तर

सिगारच्या पेट्यांसाठी वापरले जाणारे 'स्पॅनिश सीडर' हे लाकूड ना स्पेनचे आहे, ना खऱ्या सीडरचे. सेड्रेला ओडोरॅटा असे शास्त्रीय नाव असलेला हा वृक्ष मध्य व दक्षिण अमेरिका आणि कॅरिबियन बेटांत वाढतो. तो कडुनिंब आणि महोगनी यांच्या मेलिएसी कुलातला आहे. हिमालयातील देवदाराशी त्याचा संबंध नाही. उलट भारतातील तूण हा वृक्ष त्याच्या इतका जवळचा आहे की पूर्वी तो सेड्रेला याच प्रजातीत गणला जाई. बेसुमार तोडीमुळे सेड्रेलाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले असून, २०१९ मध्ये जिनिव्हा येथे झालेल्या परिषदेत अमेरिका खंडांतील त्याच्या जातींचा समावेश साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात करण्यात आला.

कूलिडोरमध्ये हे लाकूड शोभेसाठी नसते. प्लॅस्टिक ओलावा शोषत नाही, त्यामुळे आर्द्रता वाढली की ती सामावून घेणारे आणि कमी झाली की परत देणारे काहीतरी आत हवे असते. लाकूड ते काम करते, शिवाय त्याचा मंद सुगंध तंबाखूला मानवतो. संपूर्ण अस्तर लावण्याची गरज नसते. बहुतेक जण दुकानातून सिगारचे रिकामे लाकडी खोके आणून त्यांचेच कप्पे करतात किंवा काही फळ्या आणि ट्रे ठेवतात. कच्चे, रंग किंवा व्हार्निश न लावलेले लाकूडच चालते. राळ पाझरणारी पाइनसारखी लाकडे तंबाखूला आपला वास देतात, म्हणून ती बाद होतात.

कोरडे लाकूड थेट वापरले तर ते सिगारमधलाच ओलावा ओढून घेते. म्हणून सिगार ठेवण्यापूर्वी ऊर्ध्वपातित पाण्याची वाटी लाकडासह पेटीत बंद करून एक-दोन आठवडे ठेवतात. लाकूड ओल्या फडक्याने पुसण्याची रीत जुनी आहे. तीत फळी वाकण्याचा धोका असल्याने वाटीची सावकाश पद्धत अधिक बरी.

आर्द्रता राखणारी माध्यमे

जुन्या ह्युमिडोरमध्ये फुलांच्या रचनेसाठी वापरतात तसा हिरवा स्पंज पाण्यात भिजवून ठेवत. तो केवळ पाणी देतो, जादा झालेले परत घेत नाही. पाण्यात निम्मे प्रोपिलीन ग्लायकॉल मिसळल्यास द्रावण आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास आणते. मात्र कालांतराने स्पंजाची छिद्रे बुजतात.

आज दोन माध्यमे अधिक प्रचलित आहेत. पहिले सिलिका जेलचे मणी. ते पाणी शोषतातही आणि सोडतातही. मांजरांच्या मलपात्रात घालण्यासाठी मिळणारे सिलिकाचे बिनवासाचे स्फटिक हे याच मण्यांचे स्वस्त रूप असून, जाळीच्या पिशवीत भरून त्यांतील काही भाग ऊर्ध्वपातित पाण्याने ओला करतात. सगळे मणी भिजवले तर जादा ओलावा घ्यायला जागाच उरत नाही. दुसरे माध्यम म्हणजे क्षारांच्या संपृक्त द्रावणाची पाकिटे. संपृक्त द्रावणावरील हवेची सापेक्ष आर्द्रता त्या क्षारावर ठरते, या जुन्या तत्त्वाचा त्यांत उपयोग केलेला असतो. पाकिटाचे आवरण बाष्प आत-बाहेर जाऊ देते, द्रव जाऊ देत नाही. ६२, ६५, ६९, ७२ अशा टक्क्यांची पाकिटे मिळतात आणि लाकडी पेटीसाठी दर २५ सिगारांच्या क्षमतेमागे ६० ग्रॅमचे एक पाकीट असा हिशेब सांगितला जातो. घट्ट कूलिडोरला त्याहून कमी पुरतात. पाकीट कडक झाले की त्यातील पाणी संपले असे समजावे.

नळाचे पाणी कुठल्याही माध्यमात वापरले जात नाही. त्यातील क्षार मण्यांची व स्पंजाची छिद्रे बुजवतात.

मापन

साठवणीतल्या कित्येक चुका बिघडलेल्या मापकामुळे होतात. केसाच्या आकुंचन-प्रसरणावर चालणारा आर्द्रतामापक स्विस शास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी १७८३ मध्ये वर्णिला. ह्युमिडोरच्या दर्शनी भागावर दिसणारी काटेवाली यंत्रे बहुतेक धातूच्या गुंडाळीवर चालतात आणि शोभेपलीकडे फारशी भरवशाची नसतात. अंकीय मापकही दोन-तीन टक्क्यांनी चुकू शकतो.

मापक तपासण्याची घरगुती पद्धत मात्र अचूक आहे. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन त्यावर लगदा होईल इतकेच पाण्याचे थेंब टाकावे, ते मापकासह हवाबंद पिशवीत ठेवावे आणि एक दिवस जाऊ द्यावा. २५ अंश सेल्सिअसला मिठाच्या संपृक्त द्रावणावरची सापेक्ष आर्द्रता ७५.३ टक्के असते. मापकाने ७१ दाखवले तर त्याच्या प्रत्येक वाचनात ४ मिळवावे लागतात. मिठात पाणी जास्त होऊन मीठ पूर्ण विरघळले तर चाचणी फसते.

मांडणी आणि हवा

मोठ्या पेटीत वर आणि खाली वेगवेगळे आकडे दिसतात. ओली हवा जड असल्याने खाली बसते, असे त्याचे स्पष्टीकरण वारंवार दिले जाते, ते खरे नाही; बाष्पाचा रेणू हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजनच्या रेणूंहून हलका असतो. खरे कारण तापमान आहे. थंड फरशीवर ठेवलेल्या पेटीचा तळ वरच्या भागापेक्षा एक अंशाने जरी गार असला, तरी तेथील सापेक्ष आर्द्रता सुमारे चार टक्क्यांनी जास्त भरते. यावर उपाय म्हणजे पेटी लाकडी पाटावर किंवा चौकटीवर ठेवणे, खोक्यांमध्ये बोटभर अंतर सोडणे आणि माध्यम एकाच जागी न ठेवता वर-खाली विभागणे. काही जण संगणकाचा छोटा पंखा आत बसवून तो दिवसातून काही मिनिटे चालवतात. पेटी आठवड्या-दोन आठवड्यांनी उघडली जात असेल तर पंख्याची गरज पडत नाही. हे उघडणे तसेही आवश्यक असते, कारण नव्या तंबाखूतून निघणारा अमोनिया इतक्या घट्ट पेटीतून आपोआप बाहेर पडत नाही.

कृत्रिम स्वाद दिलेल्या सिगार इतरांबरोबर ठेवल्या की सगळ्या संग्रहाला व्हॅनिला किंवा कॉफीचा वास लागतो. त्यांना वेगळा डबा लागतो.

कीड आणि बुरशी

वर्षानुवर्षांचा संग्रह काही आठवड्यांत नष्ट करणारा शत्रू म्हणजे तंबाखूचा भुंगेरा (लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी). दोन-तीन मिलिमीटर लांबीचा हा तांबूस तपकिरी कीटक भारतीय स्वयंपाकघरालाही अपरिचित नाही. साठवलेल्या हळदीला, मिरचीला आणि धन्याला लागणाऱ्या किडींत तोही असतो. त्याची अंडी शेतातून किंवा कारखान्यातून तंबाखूबरोबर येतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. सुमारे १८ अंश सेल्सिअसच्या खाली त्याची वाढ जवळपास थांबते, २५ अंशांपलीकडे ती वेग घेते आणि ३० अंशांच्या आसपास तिला सर्वांत अनुकूल परिस्थिती मिळते. अळी पाने पोखरते, प्रौढ भुंगेरा गोल भोक पाडून बाहेर येतो आणि शेजारच्या सिगारकडे वळतो. स्पॅनिश सीडरच्या वासाने कीड दूर राहते असे मानले जाते, पण अंडी तंबाखूतच असताना लाकडाच्या भरवशावर राहता येत नाही.

खात्रीचा उपाय गोठवण्याचा आहे. सिगार दुहेरी हवाबंद पिशवीत घालून एक दिवस फ्रिजमध्ये, मग उणे १८ ते उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये निदान तीन दिवस, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये आणि शेवटी खोलीच्या तापमानाला आणतात. ही पायरी-पायरीची उतरण-चढण आवरणपान तडकू नये म्हणून असते. पिशवी शेवटपर्यंत उघडली जात नाही, कारण गार सिगारवर हवेतील बाष्प दव होऊन जमते. नव्याने आलेल्या सिगार काही आठवडे वेगळ्या डब्यात ठेवून मगच मुख्य पेटीत घालणे ही त्याहून साधी खबरदारी आहे.

बुरशी आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेल्यावर बळावते. ती निळसर, हिरवट किंवा पांढरी, लोकरीसारखी दिसते. सिगारवरची प्रत्येक पांढरी पूड ही मुरलेल्या तेलाचे स्फटिक असल्याचे सांगून विक्रेते आणि संग्राहक तिचे कौतुक करतात. बव्हंशी ती बुरशीच असते, आणि सिगारच्या उघड्या टोकाशी पाकळ्यांच्या फटींत ती दिसली तर शंकेला जागा उरत नाही.

उष्ण प्रदेशांतील मर्यादा

कूलिडोर अमेरिकेच्या समशीतोष्ण भागांत रुजला. तेथे हिवाळ्यात तापवलेल्या घरांतली हवा फार कोरडी होते, त्यामुळे ओलावा पुरवणे ही मुख्य गरज असते. मुंबई, कोकण व गोव्यात परिस्थिती उलटी असते. पावसाळ्यात बाहेरची आर्द्रता ८० टक्क्यांपलीकडे असते आणि झाकण उघडताना ओल आत शिरते; तेथे माध्यमाला पाणी सोडण्याऐवजी शोषण्याचे काम करावे लागते. नागपूरसारख्या ठिकाणी एप्रिल-मे महिन्यांत दुपारची हवा अतिशय कोरडी असते आणि पारा ४० अंशांच्या वर जातो. उष्णतारोधक भिंती दिवस-रात्रीचा फरक बोथट करतात, पण महिनाभर टिकणारा उन्हाळा त्या अडवू शकत नाहीत. खोलीचे सरासरी तापमान ३० अंश असेल तर काही दिवसांत पेटीच्या आतही तेच होते. आर्द्रता अचूक राखूनही भुंगेऱ्याचा धोका तेथे कायम राहतो. वातानुकूलित खोली किंवा घरातील सर्वांत गार, उन्हाकडे पाठ असलेला कोपरा नसेल तर दीर्घकाळच्या साठवणीसाठी कूलिडोर पुरेसा नाही. पेटीत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवण्याने दव पडते आणि नुकसानच होते. स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये सिगार उघड्या ठेवणेही चुकीचे, कारण तेथील हवा कोरडी आणि वासांनी भरलेली असते.

सुरक्षितता आणि आरोग्य

घट्ट कडी असलेली मोठी पेटी लहान मुलांसाठी धोकादायक असते. खेळताना मूल आत शिरले आणि झाकण पडले, तर आतून ते उघडता येत नाही आणि गुदमरण्याची भीती असते. टाकून दिलेल्या फ्रिजांमध्ये मुले दगावल्यामुळे अमेरिकेत १९५६ मध्ये घरगुती फ्रिजचे दार आतून उघडता आले पाहिजे असा कायदा करावा लागला. घरात मुले असल्यास पेटीच्या कड्या काढून टाकणे किंवा तिला कुलूप लावणे आवश्यक ठरते. तंबाखू ठेवलेली पेटी पुन्हा अन्नासाठी वापरू नये.

चांगल्या साठवणीने सिगारची चव टिकते, अपाय मात्र कमी होत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ मध्ये सिगारवर प्रसिद्ध केलेल्या अहवालात तोंड, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुफ्फुस यांच्या कर्करोगांशी नियमित सिगार ओढण्याचा संबंध स्पष्ट केला आहे. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. भारतात सिगार २००३ च्या सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादने अधिनियमाखाली येतात. १८ वर्षांखालील व्यक्तीला त्यांची विक्री करण्यास बंदी आहे.

संबंधित साधने

कूलिडोरच्याच धर्तीवर हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात केलेल्या छोट्या साठवणीला 'टपरडोर' म्हणतात. टपरवेअर या डब्यांच्या नावावरून हा शब्द आला. वीस-पंचवीस सिगार असणाऱ्याला एक डबा आणि एक पाकीट पुरते, त्यामुळे पुष्कळ जण तेथून सुरुवात करून संग्रह वाढल्यावर कूलिडोरकडे येतात. वाइन ठेवण्याच्या छोट्या फ्रिजमध्ये लाकडी कप्पे बसवून केलेल्या साधनाला 'वाइनडोर' हे नाव आहे. त्यात तापमानही नियंत्रित होत असल्याने उष्ण प्रदेशांत ते कूलिडोरपेक्षा सरस ठरते. त्यासाठी पेल्टिए परिणामावर चालणारा, कॉम्प्रेसर नसलेला फ्रिज निवडतात, कारण कॉम्प्रेसरच्या प्रत्येक फेरीत आतल्या हवेतील बाष्प थंड पत्र्यावर गोठते आणि हवा कोरडी पडते. असा फ्रिजही खोलीच्या तापमानापेक्षा मर्यादित अंशांनीच खाली जाऊ शकतो आणि वीज गेली की त्याच्या पातळ भिंती कूलिडोरइतका वेळ तग धरत नाहीत.